रायडेल डिस्ट्रिक्ट कौन्सिल गेलं कुठे? भाच्याच्या टॅक्स बिलावरून पडलेला प्रश्न

मेघा_मुलुंड:

मंडळी एक शंका आहे, इथे कोणी ना कोणी जाणकार निघतोच म्हणून विचारतेय. माझा भाचा इंग्लंडला नोकरीला लागलाय, यॉर्कशायरमध्ये माल्टन म्हणून गाव आहे, यॉर्कहून स्कार्बरोला ट्रेन जाते त्या लाइनवर. भाड्याने घर मिळालं ते नदीच्या पलीकडे नॉर्टनला. आता गंमत अशी की दाराबाहेरच्या कचऱ्याच्या चाकवाल्या डब्यावर छापलंय रायडेल डिस्ट्रिक्ट कौन्सिल, घरमालकाने दिलेल्या जुन्या कागदांवरही तेच नाव, आणि कौन्सिल टॅक्सचं बिल आलं ते मात्र नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिलचं, त्यात खाली नॉर्टन टाऊन कौन्सिलची वेगळी ओळ, पोलीस आणि फायर ब्रिगेडची अजून वेगळी. एवढ्याशा गावाला इतकी कौन्सिलं कशाला लागतात? आणि मुळात भाडेकरूने टॅक्स का भरायचा, आपल्याकडे मालक भरतो ना. ताईने तर त्याला फोनवर सांगूनच टाकलं की हा काहीतरी फ्रॉड आहे, एक पैसा भरू नकोस.

तर प्रश्न असे की हे रायडेल म्हणजे जिल्हा की तालुका, ते बंद पडलं का, पडलं तर का, आणि तिथला थोडाफार इतिहास कोणाला माहीत असेल तर तोही लिहा, भाचा म्हणतो गाव खूप जुनं आहे पण ऑफिसातल्या कोणाला विचारलं की ते फुटबॉलचंच बोलतात.

हिशेबनीस:

मेघाताई, सगळ्यात आधी बहिणीला फोन करा आणि भाच्याला बिल भरू दे म्हणावं. फ्रॉड नाही. तिकडे कौन्सिल टॅक्स घरात जो राहतो त्याच्या नावावर येतो, मालक कोणी का असेना. थकवला तर आधी स्मरणपत्र आणि मग कोर्टाचं समन्स, नवीन माणसाने त्या भानगडीत पडू नये. तो एकटाच राहत असेल तर २५ टक्के सूट मिळते, पण ती मागावी लागते, आपोआप कोणी देत नाही (हे सगळीकडे सारखंच). बिलावर ए ते एच पैकी एक अक्षर असेल, तो घराचा बँड. इंग्लंडमध्ये हा बँड घराची १ एप्रिल १९९१ ला काय किंमत झाली असती त्यावरून ठरतो. आजही. घर नंतर बांधलेलं असलं तरी ते १९९१ साली असतं तर कितीला गेलं असतं असा हिशेब धरतात, आणि एवढ्या वर्षांत एकाही सरकारची फेरमूल्यांकनाला हात घालायची हिंमत झाली नाही.

आता कौन्सिलांचं. माझी सगळी नोकरी झेडपी आणि पंचायत समित्यांच्या फायलींत गेली म्हणून आपल्या भाषेत सांगतो. कौंटी कौन्सिल म्हणजे ढोबळमानाने जिल्हा परिषद, डिस्ट्रिक्ट कौन्सिल म्हणजे पंचायत समिती, आणि पॅरिश किंवा टाऊन कौन्सिल म्हणजे ग्रामपंचायत. तेव्हा रायडेल म्हणजे तालुक्याच्या पातळीवरची गोष्ट, जिल्हा नव्हे. पण ढोबळमानानेच हं, कारण आपल्याकडे पंचायत समिती झेडपीच्या पंखाखाली असते, तिला स्वतःचा म्हणावा असा कर फारसा नसतो आणि बीडीओ सरकारचा माणूस. तिकडे डिस्ट्रिक्ट कौन्सिल वेगळं निवडून यायचं, त्याचा नोकरवर्ग त्याचा, करातला वाटा त्याचा, आणि कौंटीने हुकूम सोडावा आणि यांनी ऐकावं असला प्रकार नव्हता. आणि आपल्या माणसाला सगळ्यात विचित्र वाटेल ते हे की तिकडे कलेक्टर नाही. तहसीलदार पण नाही. कौन्सिलचा मुख्य अधिकारी कौन्सिलच नेमते आणि तो कौन्सिललाच उत्तर देतो. पैशाच्या नाड्या लंडनच्या हातात असतात ते सोडा.

कामाची वाटणी तर वाचण्यासारखी होती. शाळा, रस्ते, लायब्ररी, म्हाताऱ्याकोताऱ्यांची देखभाल हे कौंटीकडे. घरबांधणी, बांधकाम परवानग्या, हॉटेलांची स्वच्छता तपासणं, निवडणूक याद्या आणि टॅक्सवसुली हे डिस्ट्रिक्टकडे. म्हणजे टॅक्स सगळ्यांचा मिळून डिस्ट्रिक्टने गोळा करायचा आणि त्यातला मोठा तुकडा कौंटीला काढून द्यायचा, आणि शिव्या खायच्या त्या बिलावर नाव असलेल्याने. कचऱ्यात तर कहरच, घरोघरचा कचरा उचलायचा डिस्ट्रिक्टने आणि उचललेल्याची विल्हेवाट लावायची कौंटीने. डब्यावर रायडेलचं नाव आहे ते म्हणूनच.

ही तीन मजली रचना आली कायद्याने, १८८८ ला कौंटी कौन्सिलं आणि १८९४ ला रूरल डिस्ट्रिक्ट, अर्बन डिस्ट्रिक्ट, पॅरिश कौन्सिलं. आपला मुंबई महापालिकेचा कायदा, ज्यावर आजही बीएमसी चालते, तोही १८८८ चाच. तो काळच तसला होता.

चाळकरी:

हिशेबनीस काका __/\__ फाईल उघडून ठेवली अगदी.

मी सहज आकडे बघितले. रायडेलची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत साधारण ५५ हजार. मुंबईची २०११ ची १ कोटी २४ लाख, भागिले २२७ नगरसेवक, म्हणजे एका वॉर्डात साधारण ५५ हजार. म्हणजे आमचा एक नगरसेवक = त्यांचं अख्खं डिस्ट्रिक्ट! आणि तेवढ्यांसाठी तिकडे ३० काउन्सिलर होते. तीस! माझ्या चाळीतल्या लोकांना आपला नगरसेवक ओळखू येतो तो बॅनरवरच्या फोटोवरून.

क्षेत्रफळ मात्र १५०० चौरस किलोमीटर, शहर आणि उपनगर दोन्ही जिल्हे धरून मुंबईच्या अडीचपट. राहतं कोण तिथे, मेंढ्या?

तिकडची_स्वाती:

चाळकरी, मेंढ्या राहतात, आणि अतिशय आनंदात राहतात :)

मी बरीच वर्षं यॉर्कला आहे (माहेर गिरगाव) आणि माल्टनला अधूनमधून जाते, तेव्हा थोडी भर घालते. मेघा, भाच्याला सांग की तो जिथे राहतो ते नॉर्टन आणि जिथे कामाला जातो ते माल्टन यांच्यामध्ये जी डरवेंट नदी आहे ना, ती नुसती नदी नाही, शेकडो वर्षं ती सरहद्द होती. माल्टन यॉर्कशायरच्या नॉर्थ रायडिंगमध्ये आणि नॉर्टन ईस्ट रायडिंगमध्ये (रायडिंग म्हणजे यॉर्कशायरचे जुने विभाग). पुलाच्या या टोकाला एक कारभार आणि त्या टोकाला दुसरा, आणि बाजार, दुकानं, सोयरीक सगळं एकच. माल्टन स्टेशन पण प्रत्यक्षात नॉर्टनच्या बाजूला आहे, १८४५ मध्ये रेल्वे आली तेव्हापासून तसंच, नाव मात्र माल्टनचं. स्टेशनजवळ रेल्वे फाटक आहे, ते पडलं की दोन्ही गावांचा ट्रॅफिक खोळंबतो, ह्यावर आजवरच्या कुठल्याच कौन्सिलकडे औषध निघालेलं नाही.

मग १९७४ साली १९७२ च्या कायद्याने देशभर सगळं ढवळलं. रायडिंगं कारभारातून गेली, नॉर्थ यॉर्कशायर नावाची नवी कौंटी झाली, आणि तिच्या पोटात माल्टन, नॉर्टन, पिकरिंग ही तीन छोटी अर्बन डिस्ट्रिक्ट्स आणि हेल्म्सली, कर्कबीमूरसाइड वगैरे आजूबाजूची रूरल डिस्ट्रिक्ट्स एकत्र करून रायडेल डिस्ट्रिक्ट झालं. म्हणजे नॉर्टनवाले एका रात्रीत ईस्ट रायडिंगमधून नॉर्थ यॉर्कशायरमध्ये. पण रायडेल हे नाव काही तेव्हा कोणी ऑफिसात बसून शोधलेलं नाही, राय नावाची नदी आहे तिचं ते खोरं, आणि मध्ययुगात नॉर्थ रायडिंगचे जे वेपनटेक नावाचे भाग असायचे, आपल्याकडे परगणे असायचे तसे, त्यातल्या एकाचं नावच रायडेल होतं. कौन्सिल नवं, नाव जुनं.

पुढे १९९६ ला यॉर्क शहर स्वतंत्र झालं तेव्हा हॅक्सबी, हंटिंग्टन, स्ट्रेन्सल ही यॉर्कला चिकटलेली मोठी वस्ती रायडेलमधून काढून यॉर्कला जोडली. उरलं ते खरं खेड्यांचं रायडेल. आणि १ एप्रिल २०२३ ला तेही गेलं. क्रेवन, हॅम्बल्टन, हॅरोगेट, रिचमंडशायर, रायडेल, स्कार्बरो, सेल्बी ही सातही डिस्ट्रिक्ट्स बरखास्त आणि कौंटीसकट सगळ्यांचं मिळून एकच नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिल, मुख्यालय नॉर्थअलर्टनला, ९० काउन्सिलर. कचरा उचलणारे तेच, विल्हेवाट लावणारे तेच. डबे मात्र कोण बदलत बसणार, ते चांगले टिकाऊ असतात.

पोलीस आणि फायर ब्रिगेडची ओळ आहे ती मेयरची. यॉर्क आणि नॉर्थ यॉर्कशायर मिळून एक मेयर असतो, २ मे २०२४ ला पहिली निवडणूक झाली, डेव्हिड स्केथ निवडून आले, लेबरचे. हा मेयर आपल्या महापौरासारखा मानाचा नाही, त्याच्याकडे खरे अधिकार आणि पैसा आहे.

मेघा_मुलुंड:

स्वाती किती छान सांगितलंस गं. ताईला वाचून दाखवलं, ती म्हणाली बरं बरं भरू दे मग, पण सूट माग म्हणावं.

नॉर्टनचं वाचून आमच्या मुलुंडची आठवण झाली. आमच्याकडच्या जुन्या लोकांना अजून वाटतं आपण मुंबईत आहोत हे कोणीतरी वरून ठरवलं, १९५७ ला हद्द वाढवली तेव्हा मुलुंड बृहन्मुंबईत आलं, आणि चेकनाक्याच्या पलीकडचे ठाण्यात राहिले. पण सात डिस्ट्रिक्ट्स मोडून एक करायची गरजच काय होती? लोकांनी मागितलं होतं का?

परळकर_बाप्पा:

लोक कधी काही मागतात का हो ताई. सरकारला हवं असतं. पण मी म्हणतो झालं ते बरंच झालं. ५५ हजार लोकांसाठी वेगळं ऑफिस, वेगळा मुख्य अधिकारी, वेगळी आयटी सिस्टिम, आणि अशा सात जागी सात, वर कौंटीचं परत आठवं. एवढा संसार पोसायचा कशाला? शिवाय माणसाला कळत पण नाही कोणाकडे जायचं, खड्डा पडला तर कौंटी, डबा उचलला नाही तर डिस्ट्रिक्ट, स्मशानातलं गवत वाढलं तर टाऊन कौन्सिल. आपल्याकडे रस्ता बीएमसीचा की एमएमआरडीएचा की पीडब्ल्यूडीचा हे शोधता शोधता पावसाळा संपतो. एकच दार असलेलं उत्तम.

तिकडची_स्वाती:

बाप्पा, मुद्दा बरोबर आहे आणि सरकारनेही हेच कारण दिलं होतं, खर्च वाचेल आणि गोंधळ कमी होईल. शिवाय मेयर आणि त्याच्याबरोबर येणारा केंद्राचा निधी हवा असेल तर आधी ही दोन मजली रचना मोडा असा आग्रह होता. डिस्ट्रिक्ट्सनी दुसरा प्रस्ताव दिला होता की एक अवाढव्य कौन्सिल करण्यापेक्षा पूर्व आणि पश्चिम अशी दोन करा. कौंटीचा प्रस्ताव एकाचा. २०२१ च्या जुलैमध्ये सरकारने एकाचा मंजूर केला. मतदान वगैरे नाही, लोकांची मतं मागवली आणि मंत्र्याने ठरवलं.

पण खर्चाच्या वहीत जे दिसत नाही ते मी सांगते. नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिलचं क्षेत्र ८ हजार चौरस किलोमीटर आहे, इंग्लंडमधल्या सगळ्यात मोठ्या कौन्सिलांपैकी. पूर्वी माल्टनमध्येच रायडेल हाऊस होतं, घराला मागे खोली वाढवायची असली की माणूस चालत जाऊन काउंटरवर विचारायचा, मीटिंगला जाऊन मागे बसायचा. आता मुख्यालय नॉर्थअलर्टनला, आणि माल्टनहून ट्रेनने जायचं तर आधी यॉर्कला येऊन गाडी बदलायची. एरिया कमिट्या केल्यात, थर्स्क आणि माल्टन भागाची एक आहे, पण मोठे निर्णय तिथे होत नाहीत. आणि ३० च्या जागी या भागातून आता मोजकेच काउन्सिलर जातात, ९० जणांत.

माल्टनमध्ये एका कार पार्कवरून, वेंटवर्थ स्ट्रीटच्या, कौन्सिल आणि दुकानदारांची वर्षानुवर्षं जुंपली होती, कौन्सिलला ती जागा विकून सुपरमार्केट येऊ द्यायचं होतं आणि गावातल्या दुकानदारांना ते अजिबात नको होतं. भांडण अगदी कडू झालं. पण भांडणारे सगळे एकमेकांना शनिवारी बाजारात भेटत होते. हे मला महत्त्वाचं वाटतं. कौन्सिल शहाणं होतं असं मी म्हणत नाहीये, मूर्खपणा पण जवळून बघता येत होता.

हिशेबनीस:

स्वातीताईंच्या बाजूने एक आणि विरुद्ध एक अशी दोन्ही उदाहरणं माझ्याकडे आहेत.

कर्बी मिस्पर्टन म्हणून त्याच रायडेलमध्ये छोटं खेडं आहे. तिथे जमिनीखाली खडक फोडून गॅस काढायचा, फ्रॅकिंग म्हणतात ते, यासाठी थर्ड एनर्जी कंपनीने परवानगी मागितली. गावकरी विरोधात, आंदोलनाचे तंबू ठोकलेले, पण खनिजाच्या परवानग्या डिस्ट्रिक्टच्या हातात नव्हत्याच, त्या कौंटीच्या. २३ मे २०१६ ला कौंटीच्या समितीने ७ विरुद्ध ४ मतांनी मंजुरी दिली. म्हणजे जवळचं कौन्सिल असूनही नेमक्या वेळी त्याचा उपयोग शून्य. पुढे प्रत्यक्ष फ्रॅकिंग झालंच नाही, केंद्राची शेवटची परवानगी अडली आणि नोव्हेंबर २०१९ ला सरकारने सगळ्या इंग्लंडातच ते थांबवलं.

आणि अजून एक गुंता कोणी सांगितला नाही. रायडेलचा उत्तरेकडचा मोठा भाग नॉर्थ यॉर्क मूर्स नॅशनल पार्कात येतो, १९५२ पासून. त्या हद्दीत बांधकाम परवानगी देणार पार्क अथॉरिटी, कौन्सिल नाही. त्या अथॉरिटीचं ऑफिस हेल्म्सलीत, म्हणजे रायडेलमध्येच. त्यामुळे बाप्पा, एकच दार झालंय असं समजू नका, दारं अजून आहेत. संजय गांधी उद्यानाच्या कडेला राहणाऱ्याला विचारा, त्याला लगेच कळेल.

इतिहासाचा_किडा:

उशिरा आलो पण इतिहास विचारलाय आणि कोणी मूळ गोष्टीला हातच लावला नाही, माल्टन आणि आपला संबंध!

माल्टनमधून पार्लमेंटवर दोन खासदार जायचे आणि ते निवडून आणायचा गावचा मालक. अक्षरशः मालक, गावातली बहुतेक घरं, दुकानं त्याची. आधी रॉकिंगहॅमचा मार्क्विस, १७८२ ला तो वारल्यावर त्याचा भाचा अर्ल फिट्झविल्यम. मतदान तेव्हा उघड असायचं, गुप्त मतदान १८७२ ला आलं, तेव्हा भाडेकरू मालकाच्या माणसाला सोडून कोणाला मत देणार? गावच्या बऱ्याच भागाची मालकी आजही फिट्झविल्यम इस्टेटकडे आहे. (मेघाताई, भाचा राहतो ते नॉर्टन, तेव्हा त्याच्या घरमालकावर लगेच संशय घेऊ नका.) साष्टीतले खोत ज्यांनी ऐकलेत त्यांना नवल वाटणार नाही.

तर या खिशातल्या मतदारसंघातून १७८० ते १७९४ खासदार कोण होता? एडमंड बर्क. ब्रिस्टलसारख्या मोठ्या बंदरातून तो आधी निवडून आला होता पण आयर्लंडचा व्यापार आणि कॅथलिकांच्या बाजूने बोलला म्हणून ब्रिस्टलवाले भडकले, मग रॉकिंगहॅमने त्याला माल्टनची सीट दिली. आणि त्याच सीटवर बसून त्याने वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवला. बनारसचा राजा चैतसिंग, अवधच्या बेगमा, यांच्यावर केलेल्या जुलमांचे आरोप. १७८८ ला खटला उभा राहिला तो १७९५ ला हेस्टिंग्ज निर्दोष सुटला तेव्हा संपला. ज्या हेस्टिंग्जच्या काळात इंग्रज आणि मराठ्यांचं पहिलं युद्ध झालं, वडगाव झालं, सालबाईचा तह झाला, त्याला लंडनमध्ये जाब विचारणारा माणूस माल्टनचा खासदार होता!

आणि थांबा, अजून आहे. आपल्या राघोबादादाने १७८१ मध्ये मदत मागायला आपला वकील थेट लंडनला पाठवला होता, हणमंतराव नावाचा ब्राह्मण, आणि बरोबर मुंबईचे पारशी बापलेक. तिथे त्यांची खाण्यापिण्याची, सोवळ्याओवळ्याची आबाळ व्हायला लागली. हे बर्कला कळलं तेव्हा त्याने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि बागेतलं काचघर मोकळं करून दिलं, म्हणजे यांना यांच्या पद्धतीने स्वयंपाक आणि पूजा करता यावी. इंग्लंडातल्या बागेत, काचेच्या घरात, सोवळ्यात चूल पेटलीय आणि बाहेर पार्लमेंटचा मेंबर उभा आहे, डोळ्यासमोर आणा. राघोबाच्या पदरात काही पडलं नाही तो भाग वेगळा, त्याचं ते कायमचंच.

आता विचार करा, आजच्या नजरेने माल्टनची निवडणूक म्हणजे निव्वळ थट्टा. पण खऱ्या मतदारांनी झिडकारलेला माणूस त्या थट्टेमुळेच पार्लमेंटमध्ये टिकला आणि कंपनीच्या कारभारावर तुटून पडू शकला. ह्याचं काय करायचं मला अजून कळलेलं नाही.

चाळकरी:

किडा भाऊ काय माणूस आहात तुम्ही, राघोबादादाला पण माल्टनला जोडलंत. आता म्हणाल रायडेलमध्ये शिवकालीन विहीर आहे.

इतिहासाचा_किडा:

विहीर नाही, पण शिलालेख आहे :)

कर्कबीमूरसाइडजवळ कर्कडेल म्हणून जागा आहे, तिथे सेंट ग्रेगरीजचं छोटं चर्च. दाराच्या वर दगडात कोरलेलं सूर्यघड्याळ आणि दोन्ही बाजूंना जुन्या इंग्रजीत मजकूर. गामलचा मुलगा ऑर्म याने पडझड झालेलं हे देऊळ विकत घेऊन पायापासून नवं बांधलं, एडवर्ड राजाच्या आणि टोस्टी अर्लच्या दिवसांत. खाली घड्याळ घडवणाऱ्याचंही नाव, हावर्थ, आणि ब्रँड नावाच्या पुजाऱ्याचं. टोस्टी १०५५ ते १०६५ अर्ल होता म्हणजे काळ पक्का. आपला अलिबागजवळचा आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, इसवी सन १०१२. दोघांत जेमतेम अर्धशतक. राजा कोण, अधिकारी कोण, खर्च कोणी केला, घडवलं कोणी, सांगायची पद्धत बघा किती ओळखीची. भाच्याला गाडी मिळाली की पहिलं तिथे जायला सांगा, मग रीव्होला जा म्हणावं, ११३२ चा मठ, राजाने १५३८ मध्ये बंद पाडला, छप्पर गेलंय आणि भिंती उभ्या आहेत.

आणि स्थानिक कारभाराचा विषय आहे तर अजून एक संबंध. लॉर्ड रिपन. १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव त्याचा, शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलाय. फोर्टातला पारशांचा रिपन क्लब त्याच्याच नावाचा. त्याची इस्टेट यॉर्कशायरमधल्या रिपन गावाला लागून, व्हाइसरॉयगिरी करून परत गेल्यावर १८९५ मध्ये तो त्या गावचा मेयर पण झाला. ते रिपन आज कुठल्या कौन्सिलखाली? भाच्याच्याच, नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिल. आणि रिपनला दर्जा आहे सिटीचा, कथीड्रल आहे, रोज रात्री नऊला चौकात शिंग फुंकतात, पण रिपन सिटी कौन्सिलचा कायदेशीर दर्जा पॅरिश कौन्सिलचा. म्हणजे ग्रामपंचायत!

परळकर_बाप्पा:

हे भारी आहे. आम्हाला स्थानिक स्वराज्य शिकवणाऱ्याच्या गावाला ग्रामपंचायत आणि आमच्या महापालिकेचं बजेट काही राज्यांपेक्षा मोठं. तरी मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं आमच्याकडे एकही नगरसेवक नव्हता, प्रशासक होता, निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ ला. तिकडे सातही डिस्ट्रिक्ट्स बरखास्त करायची होती तरी नवं कौन्सिल आधी, मे २०२२ ला, निवडून घेतलं आणि मग पुढच्या एप्रिलमध्ये जुनी बंद केली. मधे एक दिवस पण रिकामा नाही. हा एक मुद्दा स्वातीताईंना देतो, मोठं असो की छोटं, माणूस निवडलेला पाहिजे.

मेघा_मुलुंड:

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू. राघोबादादाचं तर मी घरी सगळ्यांना सांगितलं. आता शेवटचे दोन प्रश्न. भाच्याला एक पत्र आलंय की या पत्त्यावर मतदार म्हणून कोण आहे ते कळवा, त्याने ते "मी तर इंडियन" म्हणून टाकून दिलं, बरोबर केलं ना? आणि घर नदीच्या अगदी जवळ आहे, तिकडे पूर येतो का?

तिकडची_स्वाती:

अगं नाही, ते पत्र शोधून काढ म्हणावं! उत्तर देणं बंधनकारक असतं. आणि भारतीय नागरिक म्हणजे कॉमनवेल्थ नागरिक, कायदेशीर राहत असेल तर त्याला तिथे मत देता येतं, कौन्सिलला, मेयरला, इतकंच काय पार्लमेंटला सुद्धा. भारतीय पासपोर्टवर. बहुतेक जणांना हे माहीतच नसतं. मतदानाला फोटो ओळखपत्र लागतं, आपला पासपोर्ट चालतो. नाव यादीत असलं की क्रेडिट रेकॉर्डला पण मदत होते, मोबाईल कॉन्ट्रॅक्ट वगैरे घेताना उपयोग होतो.

पुराचं, हो, येतो. डरवेंट भरली की माल्टन आणि नॉर्टनच्या खालच्या भागात पाणी येतं, १९९९ आणि २००० ला मोठा आला होता. पत्त्याचा पिनकोड टाकून सरकारी वेबसाइटवर पुराचा धोका बघता येतो, आणि मोबाईलवर इशारे फुकट मिळतात, ते आजच चालू कर म्हणावं. घरातल्या सामानाचा विमा भाडेकरूने स्वतः काढायचा असतो, मालकाच्या विम्यात त्याचा लॅपटॉप येत नाही.

हिशेबनीस:

पुरावरून आठवलं, जवळच्या पिकरिंग गावाची गोष्ट मुद्दाम वाचा. तिथे सारखा पूर यायचा, २००७ ला फार नुकसान झालं. गावात काँक्रीटच्या मोठ्या भिंती बांधायच्या तर खर्च आवाक्याबाहेर आणि जुन्या गावाचा चेहरा जाणार. मग त्यांनी वरच्या अंगाला, जिथून ओढे येतात तिथे, लाकडाच्या ओंडक्यांचे शंभराहून जास्त गळके बांध घातले, झाडं लावली, आणि गावाच्या वर एक मातीचा बांध घातला, जोराचं पाणी आलं की ते तिथे थोडं थांबायचं आणि हळूहळू खाली यायचं. २०१५ च्या नाताळात यॉर्क बुडालं तेव्हा पिकरिंग वाचलं. यात गावकरी, डिस्ट्रिक्ट, जंगल खातं, विद्यापीठवाले सगळे एका टेबलावर होते आणि रायडेल कौन्सिलनेही पैसे घातले होते. त्याच भागात हेल्म्सलीला १९ जून २००५ ला ढगफुटी झाली होती, आपल्या २६ जुलैच्या महिनाभर आधी. त्यांनी नंतर डोंगरावर ओंडके टाकले, आपण मिठीला भिंती बांधल्या.

चाळकरी:

काका शेवटच्या ओळीवर वेगळा धागा काढा, मी चहा घेऊन येतो.

मेघा_मुलुंड:

पत्र सापडलं! कचऱ्याच्या डब्यातच होतं, त्या रायडेलवाल्या. उत्तर पाठवायला लावलंय, आणि टॅक्समधल्या सवलतीचा अर्ज पण करतोय. विम्याचं ताई बघते म्हणाली.